पूरबोटीचं अडकलेलं स्टिअरिंग

मित्रांनो, मी एका पूरबोटीचं, म्हणजे पुरात अडकलेल्यांना काढणाऱ्या बोटीचं, जुनं स्टिअरिंग आहे. कोल्हापुरातल्या एका लहानशा फौंड्रीत, १९९४ साली, वितळलेल्या ॲल्युमिनियममधून माझा जन्म झाला. वरून काळं रबर चढवलं आणि शिरोळ तालुक्यातल्या एका नदीकाठच्या गावी मला बोटीवर बसवलं. पहिल्या दिवशी जास्वंदीचा हार घातला, नारळ फोडला. बोट चालवायला महालिंगअण्णा होते. ते मला डावीकडे वळवत, उजवीकडे वळवत आणि काठावरची माणसं टाळ्या वाजवत.

पुढे मोठा पूर आलाच नाही. बोट पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. पत्र्यातून गळणारं पाणी नेमकं माझ्यावर ठिबकत असे. दर मे महिन्यात तहसीलचे साहेब येऊन बोटीबद्दल विचारायचे आणि महालिंगअण्णा दारातूनच सांगायचे, "तयार हाय की, साहेब!" मला हात मात्र कुणी लावत नव्हतं.

आणि २००५ साली नदी गावात शिरली.

पलीकडच्या मळ्याला, जिथं अण्णांचंही घर होतं, पाण्यानं वेढा घातला. तिथं बारा माणसं अडकली होती. त्यांत महालिंगअण्णांची लेक रक्षिता होती, माहेरी बाळंतपणाला आलेली, नऊ महिने भरलेली; आणि शेजारचे गुंडूकाकाही होते. अण्णांनी धावत येऊन बोट पाण्यात लोटली, इंजिन सुरू केलं, मला वळवलं. मी जागचा हललो नाही. माझ्यामागची गिअरपेटी गंजून घट्ट झाली होती. पेटी उघडायची तर आधी मला काढायला हवं होतं, आणि मी तर शाफ्टला चिकटून बसलो होतो. अण्णांनी अंगातलं सगळं बळ लावून ओढलं, तेव्हा माझा एक आरा तुटला.

गावात मोटारपंप दुरुस्त करणाऱ्या त्रिशलाअक्का होत्या. त्या अवजारांची पिशवी डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून आल्या.

"अक्का, घन घालून काढतो ह्येला!" अण्णा ओरडले.

"हाणू नगा. शाफ्ट वाकला तर बोट हितंच ऱ्हाईल."

"पाणी चढायलंय की वो! पोरगी हाय तिकडं माझी!"

"व्हय, ठावं हाय मला. पाणी उकळून आणा, जावा."

अक्कांनी मधला नट सैल केला, पण पुरता काढला नाही. नाहीतर मी सुटून त्यांच्याच तोंडावर आदळलो असतो. सांध्यात रॉकेल सोडलं. उकळत्या पाण्यात बुडवलेली फडकी माझ्याभोवती गुंडाळली. मग बेअरिंग ओढायचा तीन पायांचा पुलर लावून त्याचा स्क्रू आवळू लागल्या. थोडं आवळायचं, थांबायचं, पुन्हा गरम फडकं. अण्णा काठावर येरझाऱ्या घालत होते. मित्रांनो, मलाही सुटायचं होतं हो! पण गंज माझं ऐकत नव्हता.

तीन तासांनी 'खाड्' असा आवाज झाला आणि मी सुटलो. अक्कांनी पेटीतला गंज खरवडला, शाफ्ट पुसून ग्रीस लावलं, मला सरळ धरून पुन्हा बसवलं. "वळवून बघा," त्या म्हणाल्या. मी वळलो. बोट सुटली.

मळ्यावर अकराच माणसं होती. रक्षिता छपरावर बसून कळा सोसत होती. बोटीत चढता चढता ती रडत म्हणाली, "अण्णा, गुंडूकाका गेलं. लई वाट बघितली बोटीची. म्हशी सोडायला पाण्यात उतरलं, ते वर आलंच न्हाईत. आत्ता, तासाभरामागं."

महालिंगअण्णांनी सगळ्यांना बोटीत घेतलं. मला वळवून त्यांनी बोट सरळ दवाखान्याकडे नेली. रक्षिताला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पेढे मात्र अण्णांनी वाटले नाहीत.

तेव्हापासून ते दर सोमवारी येऊन मला ग्रीस लावतात. तुटलेल्या आऱ्यावर त्यांनी तार गुंडाळली आहे. एका सोमवारी गुंडूकाकांच्या पत्नी, शालूबाई, शेडमध्ये आल्या. त्यांनी मला डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मी हलका फिरलो. मग त्या निघून गेल्या. अण्णांना मान वर करता आली नाही.

मित्रांनो, नदीला पाणी चढू लागलं, की अजूनही माझा जीव कासावीस होतो. अडीअडचणीला लागणारी एखादी वस्तू तुमच्याकडेही कुठेतरी पडून असेल. आज उठा, आणि तिला एकदा हात लावून बघा.