पायाळू सुनेच्या पायातले जोडवे

मी एक जुने चांदीचे जोडवे आहे. आता माझी नक्षी झिजली आहे आणि अंग काळवंडले आहे, पण मित्रांनो, मला साधेसुधे समजू नका. नथीला लोक तोंडावर नावाजतात आणि मला कुणी वाकूनही पाहत नाही. तरी सांगते, मोठमोठ्या माणसांच्या जेवढ्या पाठी मी जवळून पाहिल्या, तेवढ्या त्या नथीने सात जन्मांत पाहिल्या नसतील.

नळदुर्गच्या एका सोनाराने मला घडवले. तेव्हा आपल्या भागात निजामाचे राज्य होते आणि तिकडे जगात दुसरे महायुद्ध चालले होते. सोनाराने मला तापवले, ठोकले, वाकवले. मग जळकोटच्या कल्याणप्पा वाण्याच्या लग्नात मी त्याच्या नवरीच्या, शिवगंगेच्या, उजव्या पायात गेले. माझा जोडीदार डाव्या पायात गेला. त्या बिचाऱ्याच्या नशिबी नुसते चालणे आले आणि माझ्या नशिबी कीर्ती आली.

त्याचे कारण असे, की शिवगंगा पायाळू होती, म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांकडून बाहेर आलेली. अशा माणसाने पाठीवर हलकी लाथ मारली की पाठीत भरलेली चमक निघून जाते, असे लोक मानत. तुमच्या घरात असते तसे विम्याचे कार्ड तेव्हा कुणाकडे नव्हते. मोठा डॉक्टर सोलापुरात, इंग्रजांच्या हद्दीत, आणि त्याची फी ऐकूनच माणसाला दुसरी चमक भरायची. म्हणून ज्याची कंबर धरायची तो वाकडा होत होत आमच्या दारात यायचा.

दारातली सगळी व्यवस्था शिवगंगेची सासू रुद्रम्मा पाहायची. कुणाला ओसरीवर पालथे झोपवायचे आणि कुणाला उभेच ठेवायचे, हे ती ठरवायची. शिवगंगा आधी त्या माणसाच्या पाया पडायची, मग लाथ मारायची आणि पुन्हा पाया पडायची. एकदा अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, कमरेवर हात ठेवून आले. ज्यांना पाहून अख्खा बाजार उठून उभा राहायचा, ते आमच्या ओसरीवर पालथे पडले. शिवगंगेने भीत भीत पाय उचलला. मी मात्र थाटात गेले. साहेब उठले, ‘बहोत खूब’ म्हणाले आणि ताठ चालत निघून गेले. शेजारच्या अजीजाबीने गल्लीभर सांगितले, की गुण पायात नाही, त्या चांदीच्या जोडव्यात आहे. मला ते लगेच पटले. खरे म्हणजे अशी चमक थोड्या दिवसांत आपोआपही उतरते, पण हे मला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि सांगितले असते तरी मी ऐकले नसते.

बाहेर सुनेच्या पायाचे कौतुक करणारी रुद्रम्मा घरात मात्र त्या पायांना बसू देत नसे. भाकरी जाड झाली म्हणून बोलणी, पाणी सांडले म्हणून बोलणी. गुळावर तर तिचा खास पहारा असे. सून चोरून खाईल या भीतीने एक दिवस तिने गुळाची अख्खी ढेप स्वतः उचलून वरच्या फळीवर चढवली. ढेप नीट वर पोचली, पण रुद्रम्माला काही सरळ होता येईना.

कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून थेट घोट्यापर्यंत जायची. तिला उठवेना की बसवेना. एरंडाची पाने बांधली, गरम विटेचा शेक दिला. कल्याणप्पाने सोलापूरला न्यायला बैलगाडी जुंपली, तर वेशीबाहेरच्या पहिल्याच खड्ड्यात तिने असा हंबरडा फोडला, की बैल जागच्या जागी थांबले. गाडी माघारी आली. त्यात तिची लेक गंगम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. रुद्रम्मा रडायची ती त्या काळजीने. लेकीला आईचा आधार हवा आणि आईला कूसही बदलता येत नव्हती.

घरातच औषध असताना असे का पडून राहायचे, असे अजीजाबी म्हणाली. पण सून सासूला पाय कसा लावणार? शिवगंगेने तर कानांवर हात ठेवले. मग रुद्रम्माने युक्ती काढली. पाय नको, नुसते जोडवे काढून दे, ते पाठीवरून फिरवते, असे ती म्हणाली. मी आनंदाने फुगले. एकदाची माझी खरी किंमत कुणीतरी ओळखली होती.

त्या घरात सासूला कानडीत अत्ती म्हणत. शिवगंगा खाली मान घालून म्हणाली, “अत्ती, हे तुमच्याच लेकाच्या नावाचं हाय. ते असताना कसं काढू?”

पाय लावला तर पाप आणि जोडवे काढले तर अपशकुन, असा पेच पडला. इतक्यात गंगम्मा उद्याच येत असल्याचा निरोप आला. रुद्रम्माने मुलाला दुकानात पिटाळले, सुनेला दार लावायला लावले आणि म्हणाली, की आता लाथ मार.

शिवगंगा कितीतरी वेळ तिच्या पाया पडत राहिली. मग तिने असा पाय लावला, की पाठीवर माशी बसली तरी जास्त कळावे. अमीनसाहेबाला मारलीस तशी मार, असे रुद्रम्मा खेकसली. तरी पाय उचलेना. तेव्हा घोंगडीत तोंड खुपसून रुद्रम्मा म्हणाली, “म्या तुला लई तरास दिलाय. त्यो आठव आन मार.”

“न्हाय आठवत, अत्ती,” शिवगंगा रडत म्हणाली.

“मला आठवतंय. म्या सांगते.”

आणि ती सांगू लागली. गुळाचे सांगितले, पाय जरा जोरात पडला. पंचमीला माहेरी धाडले नाही, ते सांगितले. आणखी जोरात पडला. मग ती म्हणाली, की तुझ्या आईने पाठवलेले हिरवे लुगडे मी गंगम्माला देऊन टाकले.

हे शिवगंगेला ठाऊकच नव्हते. आपल्याला आईने हिरवे लुगडे पाठवले होते, हेच तिला त्या क्षणी कळले. मित्रांनो, त्यानंतर जी लाथ बसली, तशी मी आयुष्यात पाहिली नाही. मी स्वतः चेपले.

रुद्रम्मा ‘अय्यो’ म्हणाली. शिवगंगा घाबरून तिच्या पायांवर कोसळली. पाहते तर सासू घोंगडीत तोंड लपवून हसत होती. मग सूनही हसू लागली. दोघी इतक्या हसल्या, की अजीजाबी दार वाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी गंगम्माची गाडी आली, तेव्हा रुद्रम्मा कळ सोसत, सुनेच्या खांद्यावर भार टाकून दारात उभी होती. दुखणे काही त्या लाथेने गेले नाही. पायातली कळ पुढे कितीतरी महिने राहिली. रोज संध्याकाळी शिवगंगा विटेचा शेक द्यायची आणि टाचेने सासूची कंबर हळूहळू दाबायची. त्यानेच तिला खरा आराम पडला. माझ्या चांदीत काही गुण नव्हता, हे मला तेव्हा कळले. थोडे वाईट वाटले.

आता मी पत्र्याच्या डबीत पडून असते. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची कंबर धरली, तर आधी त्यांना डॉक्टरकडे न्या आणि तुम्ही पायाळू असलात तरी लाथ मारू नका. पण संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, पाय चेपा आणि ते बोलू लागले तर ऐकून घ्या. दुखणाऱ्या माणसाला एकटे पडणे फार जड जाते.

रुद्रम्मा पुढे म्हातारी झाली, तरी शिवगंगेकडून कंबर दाबून घेताना तिची एकच तक्रार असायची, “आता तुझा पाय लई हलका पडतोय गं.”

“काय करू, अत्ती,” शिवगंगा म्हणायची, “राग उरला न्हाय.”