नूरुद्दीनच्या तीन काचा

चंद्रपुरात गाडीची समोरची काच बदलायची असली की लोक नूरुद्दीनकडे येत. तीस वर्षांत त्याच्या हातची काच पावसात गळली अशी तक्रार घेऊन कोणी आलं नव्हतं. जुनी काच तो तार घालून कापून काढी, कडेचा काळा डिंक ब्लेडने खरवडून साफ करी आणि नवी काच बसवली की गाडी दिवसभर जागची हलू देत नसे. गिऱ्हाईक कितीही घाईत असो. त्याची बायको जाहिदा म्हणायची, याला माणसांपेक्षा काचेची काळजी जास्त.

जानेवारीत डॉक्टर कांता रामटेके यांची गाडी त्याच्याकडे आली. कांताबाई चामोर्शीला जनावरांच्या दवाखान्यात होत्या. राहायला चंद्रपूरला, त्यामुळे रोज मूलवरून जाणं-येणं. ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काचेला लागला आणि दोन दिवसांत चीर या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली. कंपनीच्या काचेला तीन आठवडे लागतील असं त्यांना सांगण्यात आलं होतं.

"चार दिवसांत करून देतो, बाई," नूरुद्दीन म्हणाला.

नागपूरहून त्याने मागवलेली काच चांगली होती, पण तिला आरशामागचं ब्रॅकेट नव्हतं. या गाडीत त्या ब्रॅकेटमध्ये एक छोटा कॅमेरा बसतो. नूरुद्दीनने जुन्या काचेवरचं ब्रॅकेट गरम करून अलगद सोडवलं, नव्या काचेच्या दोन्ही कडांपासून धागा धरून मध्य काढला, पेन्सिलने खूण केली आणि तिथे ते चिकटवलं. असं त्याने याआधी दोन गाड्यांना केलं होतं. कॅमेरा खटकन जागेवर बसला, डॅशबोर्डवर कुठला दिवा लागला नाही, आणि आपल्या हाताला अजून नवं काम जमतं याचं त्याला बरं वाटलं.

बारा दिवसांनी, दुपारी, कांताबाई फोन न करता आल्या.

"नूरुद्दीनभाऊ, काच छान बसली. पण गाडी उजवीकडे जाते."

"चाकांची अलाइनमेंट करून घ्या ना, बाई."

"केली. दोन ठिकाणी पाहून घेतलं. मी सोता चालवली तर सरळ जाते. स्टिअरिंगची मदत चालू केली की उजवीकडे सरकते."

"मंग ते कंपनीचं काम आहे. माझं काम काचेचं."

"काच बदलली त्या दिवसापासून सरकते." कांताबाईंचा आवाज चढला नाही. त्यांनी किल्ली पुढे केली. "तुमी चालवून पाहा. मी बाजूले बसते."

नूरुद्दीनला जायचं नव्हतं. पण किल्ली नाकारायला कारण सापडेना, म्हणून त्याने शटर अर्धं ओढलं आणि तो निघाला.

मूलच्या रस्त्यावर लोहारा गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना जंगल लागलं. रस्ता नवा होता, मधली आणि कडेची पांढरी पट्टी ठळक होती. कांताबाई म्हणाल्या, "पयले सोपं पाहू," आणि त्यांनी त्याला एक बटण दाबायला लावलं. पडद्यावर सत्तरचा आकडा आला.

"आता पाय काढा."

त्याने पाय काढला. गाडी सत्तरने जात राहिली. पुढे एसटी दिसली तसा त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"राहू द्या. दाबू नोका."

गाडी आपली आपण मंदावली. एसटी पन्नासने जात होती, तर हीही पन्नासने, मध्ये अंतर राखून. चिचपल्लीला एसटी थांबायला बाजूला झाली आणि गाडीने पुन्हा वेग घेतला. नूरुद्दीनचा पाय सगळा वेळ ब्रेकच्या वर अधांतरी होता. पोटरी दुखायला लागली तेव्हा ते त्याच्या लक्षात आलं.

"समोरच्या गाडीचं अंतर मुख्य करून रडार मोजते," कांताबाई म्हणाल्या. "ते खाली, जाळीच्या मागं आहे. त्याले तुमचा हात लागला नाई. ते ठीक आहे. आता दुसरं."

दुसरं बटण दाबल्यावर पडद्यावरचं स्टिअरिंगचं छोटं चित्र हिरवं झालं.

"हात ठेवा, पण सैल ठेवा."

स्टिअरिंग त्याच्या तळव्यांखाली हललं. थोडंसंच. जणू कोणी दुसऱ्याने हलकेच धरलंय आणि त्याला आपल्या मनासारखं करायचंय. गाडी सरकत सरकत मधल्या पट्टीजवळ गेली आणि तिथेच, समाधान झाल्यासारखी, स्थिर राहिली. उजवं चाक पट्टीला लागत होतं. वळणावरून ट्रक आला. नूरुद्दीनने जोर लावून गाडी डावीकडे घेतली. स्टिअरिंगने जरा विरोध केला, मग सोडलं. ट्रक गेला. हात सैल होताच गाडी पुन्हा पट्टीकडे निघाली.

त्याने ती बाजूला घेऊन उभी केली.

"जोर लावला का ते सोडते," कांताबाई म्हणाल्या. "म्हणून मी रोज घरी पोचून राह्यली. मी हात सोडत नाई. सोडाचाच नसते, पुस्तकात तसंच लिहून आहे. ही मदत आहे, डायव्हर नाई."

"डॅशबोर्डवर दिवा तर नाई लागला."

"कॅमेरा रस्त्यावरच्या पट्ट्या पाहते आणि गाडी त्यायच्या मधात ठेवते. त्याच्या हिशेबानं आता गाडी मधातच आहे. आपण वाकडं पाहून राह्यलो हे त्याले कसं समजन?"

नूरुद्दीन खाली उतरला. समोरून त्याने आरशामागचं ब्रॅकेट पाहिलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, एक डोळा मिटून पाहिलं. सरळ दिसत होतं. रस्त्याच्या कडेला मोहाची पानं पडली होती, त्यांच्यावर तो बराच वेळ नुसता उभा राहिला. मग खिडकीशी आला.

"ब्रॅकेट मी चिकटवलं, बाई. जुन्या काचेचं काढून."

"मले सांगतलं नाई तुमी."

"नाई सांगतलं."

"सांगतलं असतं तर मी हे चालूच नसतं केलं," कांताबाई म्हणाल्या. परतताना गाडी त्यांनी चालवली.

पुढच्या सोमवारी ते दोघं ती गाडी घेऊन नागपूरला गेले. तिथे सुनिल नावाचा एक कारागीर फक्त हेच काम करायचा. त्याची फरशी पाण्यासारखी सपाट होती. गाडीपुढे ठरलेल्या अंतरावर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा उभा केला होता. सुनिलने टेपने मोजलं, लेझरची लाल रेघ मारली, गाडीला लॅपटॉप जोडला आणि मान हलवली.

"एक अंशानं फिरलंय. मशीन एवढं सावरून घेत नाही. ब्रॅकेटसकट आलेली काचच लागेल."

"एक अंश म्हंजे?" नूरुद्दीनने विचारलं.

सुनिलने बोटांमध्ये चिमूटभर जागा धरून दाखवली. "इथं काचेवर बघाल तर एवढंही नाही. पण कॅमेरा पन्नास मीटर पुढचं बघतो. तिथं ते जवळजवळ मीटरभर होतं."

नूरुद्दीन त्या फळ्याकडे पाहत राहिला. धाग्याने काढलेला मध्य चुकलेला नव्हता, हे सुनिलने मोजून सांगितलं. ब्रॅकेट बरोबर जागीच होतं, पण तोंड जरासं वळलं होतं. जागा मोजता येते हे नूरुद्दीनला ठाऊक होतं. तोंड मोजायचं असतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सुनिलकडे तशी काच होती. ती बसवताना नूरुद्दीनने हात लावला नाही. गाडी तिथेच राहिली, ते दोघं रेल्वेने परतले. दुसऱ्या दिवशी कांताबाई एकट्या जाऊन गाडी घेऊन आल्या आणि मूलच्या रस्त्यावरून त्यांनी फोन केला. गाडी मधात चालली आहे म्हणाल्या.

"बरं झालं, बाई."

"नूरुद्दीनभाऊ, आणखी कोणाच्या गाडीले केलं होतं का असं?"

"दोन," तो म्हणाला.

घरी जाहिदा मेथी निवडत होती. त्याने तिला सगळं सांगितलं.

"त्या दोघायनं काई म्हटलं का?" तिने विचारलं.

"नाई."

"मंग तुमाले कसं मालूम का त्यायची बिघडून आहे?"

"बिघडूनच असन. हात तोच, धागा तोच."

जाहिदाने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "काम चुकलं म्हणून गावागावात सांगत फिराल तर दुकानात कोण येईन?"

दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर त्याने कागद लावला: कॅमेऱ्याच्या गाड्यांची काच इथे बसवत नाही. मग जुन्या पावत्यांतून दोन नंबर काढले.

पहिला नंबर जिवतीच्या राजदीप नावाच्या शिक्षकाचा होता. त्याने गाडी विकली होती, तीही तेलंगणात. घेणाऱ्याचा नंबर त्याने दिला. नूरुद्दीनने तीनदा फोन केला, कोणी उचलला नाही. मग मुलगी तहसीनकडून हिंदीत संदेश लिहून घेतला: स्टिअरिंगची मदत बंद ठेवा, काच दाखवून घ्या. संदेश पोचला. उत्तर आलं नाही. त्याने आणखी दोनदा पाठवला. त्या गाडीचं पुढे काय झालं ते त्याला कधीच कळलं नाही.

दुसरा अश्विन बिस्वास, मुलचेऱ्याजवळच्या एका गावात त्याचं कृषी केंद्र होतं. हे फोनवर सांगण्यासारखं नाही असं वाटून नूरुद्दीन एसटीने गेला. अश्विन पस्तिशीचा, मोकळा माणूस. त्याने अंगणात खुर्ची टाकली, बायकोला, शेफालीला, चहा सांगितला. गाडी शेवग्याखाली उभी होती. नूरुद्दीनची नजर आधी काचेवर गेली. काच निर्मळ होती.

त्याने सांगायला सुरुवात केली. कॅमेरा, ब्रॅकेट, मूलचा रस्ता, नागपूरचा फळा. अश्विन ऐकत होता.

"आमच्या गाडीले तर काई नाई झालं, चाचा," तो म्हणाला. "मी ते मदतबिदत लावतच नाई. इकडच्या अर्ध्या रस्त्यायले पट्टेच नाई. शेफाली शिकत होती तेव्हा तेवढं लावून देत होतो. शिकणाऱ्याले बरं म्हणून."

"मंग?"

"तिले नाई जमलं." अश्विन हसला. "तिचा हात सैल. गाडी उजवीकडे जाये. आष्टीच्या रोडवर एकदा बससमोरच नेली. मी स्टिअरिंग धरलं म्हणून वाचलो. तेव्हापासून नाई चालवत ती."

नूरुद्दीनने कप खाली ठेवला. अश्विन बोलून गेला आणि मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. आपण काय बोललो ते त्याला आता ऐकू आलं असावं.

शेफाली दारात उभी होती. चहा आणून दिल्यापासून ती तिथेच होती.

"काच कोणत्या महिन्यात बसवली होती?" तिने विचारलं.

"श्रावणात," नूरुद्दीन म्हणाला.

"मी दसऱ्यापासून शिकत होती." तिने जरा थांबून हिशेब केला. "बसचं झालं ते दिवाळीच्या आधी. माझी बहीण होती मागं, तिची लेकरं होती. तिच्यासमोर हे म्हणाले, तुझ्याच्यानं सरळ रेषेत गाडी नाई जाऊ शकत."

अश्विन म्हणाला, "मले काय मालूम होतं का..."

"तुमाले नोहतं मालूम. मलेही नोहतं." ती नूरुद्दीनकडे वळली. "मी सरळच धरून होती. मले वाटे का गाडी ओढून राह्यली. मी तसं म्हटलंही होतं. मग वाटलं, शिकणाऱ्याले वाटत असन तसं."

"ओढतच होती, बेटा," नूरुद्दीन म्हणाला. "माझ्या कामानं ओढत होती."

हे बोलण्यासाठी तो बसमध्ये बसून आला होता, आणि वाटेत त्याने पुष्कळ शब्द जुळवले होते. त्यातला एकही आता लागला नाही. त्याला अपघाताची भीती होती. कुठे खरचटलं असेल, दिवा फुटला असेल, असं तो मनात धरून आला होता. एक बाई चार महिने स्वतःलाच दोष देत घरात बसली असेल, हे त्याच्या हिशेबात नव्हतं.

शेफाली आत गेली आणि किल्ली घेऊन आली.

"ते बंद कसं करतात?" तिने विचारलं.

नूरुद्दीनने गाडीत बसून तिला बटण दाखवलं. हिरवं चित्र असलं तर चालू, नसलं तर बंद. गाडी सुरू केली की दर वेळी पडद्याकडे पाहायचं, आणि नागपूरचं काम होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तिने ते स्वतः दोनदा करून पाहिलं. मग ती चालकाच्या जागेवर बसली. अश्विन पुढे बसायला आला, दाराला हात लावला, थांबला आणि मागे जाऊन बसला. नूरुद्दीन तिच्या बाजूला.

गावाबाहेर धानाच्या बांध्या कापून मोकळ्या झाल्या होत्या. पहिल्या अर्ध्या किलोमीटरला तिने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली. पुढे आष्टीचा रस्ता लागला, मधली पट्टी दिसली. तिने पट्टी उजव्या हाताला ठेवली आणि ती तिथेच राहिली. एक ट्रॅक्टर आला, गेला. तलावाच्या वळणापर्यंत जाऊन तिने गाडी सावकाश फिरवली.

अंगणात गाडी लावल्यावर तिने पहिल्यांदा मान वळवून मागे पाहिलं. "गेली का सरळ?"

"गेली," अश्विन म्हणाला. मग म्हणाला, "तेव्हाही गेली असती."

परतीच्या बसला वेळ होता. तिघांनी पुन्हा चहा घेतला. नूरुद्दीनने सुनिलला फोन लावला आणि येत्या सोमवारची वेळ घेतली. सकाळी सहाला निघावं लागेल, असं अश्विन म्हणाला. पाचला निघू, शेफाली म्हणाली, मी हळू चालवते.