भासऱ्यांसमोरची खुर्ची

कौशल्या सरळ जाऊन खुर्चीत बसली, तसे शांतता समितीचे अध्यक्ष उत्तमराव ताडकन उठले.

उठणं भागच होतं. उत्तमराव तिचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. भासऱ्यांसमोर भावजयीने खुर्चीत बसायचं नाही, तोंड उघडायचं नाही. बसलीच, तर भासऱ्यांनी त्या खोलीत थांबायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. लग्न होऊन आल्यापासून कौशल्या त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. याच गुणावर तिला समितीत घेतलं होतं. वरून हुकूम आला, दोन बायका घ्या. यांनी डोकं लढवून घरातलीच मुकी बाई शोधली. दुसरी आबेदा, बांगड्या विकणारी. तिचं कोण ऐकतंय? काय ती अक्कल.

दिवाळीनंतर गावात दगडफेक झाली, दुकानं जळली, तेव्हापासून दोन मोहल्ल्यांमधल्या बोळीत पत्रे ठोकलेले. शाळा इकडे, आबेदाच्या मोहल्ल्यातल्या पोरी तिकडे. हमरस्त्याने फेरा मारून जायला घरचे पाठवेनात. आबेदाची लेक इफ्फत दहावीची. घरी बसलीच आहे, तर तिच्या निकाहाची बोलणी सुरू झाली होती. आबेदा फेरा मारून कौशल्याच्या पिठाच्या गिरणीवर यायची, तिथेच दोघींनी बायकांना जमवलं. बाप्ये मात्र मख्ख. उत्तमराव आणि पलीकडच्या मोहल्ल्याचे पुढारी अब्दुल गफ्फार एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत, पण पत्रे राहू द्यावेत यावर दोघांचं कसं झकास जमत होतं.

"अध्यक्ष, बसा," बैठक घ्यायला आलेले नायब तहसीलदार म्हणाले.

उत्तमराव भिंतीकडे बघून बोलले, "घरच्या बायकायनं सतरंजीवर बसावं."

"मी इथं घरची म्हनून नाई आली, भाऊजी," कौशल्या म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "मेंबर म्हनून आली."

उत्तमराव तरातरा बाहेर गेले आणि व्हरांड्यात खिडकीच्या गजांपाशी उभे राहिले. घरी जाववेना, आत येववेना.

"साहेब, दगडं कोनं फेकले ते साऱ्या गावाले मालूम हाय," कौशल्या म्हणाली. "त्यात एकबी पोरगी नोती. मंग पोरींचाच रस्ता काहून बंद?"

अब्दुल गफ्फार दाढी कुरवाळत म्हणाले, "माहोल ठंडा होऊ द्या, बहनजी. औरतजातीची काळजी हाय म्हनून तर पत्रे लावले."

"चाचा, तुमच्या काळजीनंच माही पोरगी घरात कोंडली," आबेदा म्हणाली. "तिचा बाप तिचं लगन लावून मोकळा होऊन राहिला. तुमची काळजी तुमच्यापाशीच ठेवा."

पत्रे काढायचे की ठेवायचे, यावर नायब तहसीलदारांनी हात वर करायला सांगितले. म्हाताऱ्यांनी खाली मान घालून पत्रे ठेवायला हात वर केले, पण तरुण मेंबर संघपाल आणि त्याच्या वयाच्या दोन-तीन जणांनी दोघींच्या बाजूने हात वर केले. पत्रे काढा म्हणणारे एका हाताने पुढे निघाले.

तेवढ्यात गजांमधून एक हात आत आला. उत्तमरावांचा.

"साहेब, माहा विरोध हाय. मोजा."

तो हात मोजला तर बरोबरी, आणि बरोबरीत पत्रे जागच्या जागी.

"बाहेरून नाही चालत. आत येऊन बसा, मग मोजतो," साहेब म्हणाले.

"तिले उठाले सांगा. मंग येतो."

साहेबांनी कौशल्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

"मी नाई उठत," ती म्हणाली.

दार उघडं होतं. तिच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. एवढा गावचा पुढारी, पण पोरींची शाळा बुडवायलासुद्धा त्याला बाईच्या शेजारी बसवेना. कौशल्याला मनापासून किळस आली. या माणसाला आपण जन्मभर भ्यालो?

साहेबांनी पत्रे काढायचा निकाल लिहून घेतला. गजांमधला हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग हळूच बाहेर गेला. कौशल्या खुर्चीला पाठ टेकून नीट बसली.