चौघींचं एकमत

जावयाने आतून जाड दार ओढून घेतलं, डावा कान भिंतीला लावला आणि उजव्या कानाशी फोन धरून सासऱ्यांना म्हणाला,

"बाबा, वाजवा आता."

"कधीपासून वाजवतोय," सासरे म्हणाले.

फोनमधून हॉर्न कोकलत होता आणि भिंतीतून काहीच येत नव्हतं. जावयाला आनंद आवरेना. गेले आठ महिने खपून त्याने सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये गाणी रेकॉर्ड करायला खोलीच्या आत खोली उभी केली होती. जमीन रबरावर तोललेली, भिंत दुहेरी, मधल्या पोकळीत अंगाला खाज आणणारी काचेची लोकर, एकामागे एक दोन दारं. सुताराने दोनदा काम सोडलं होतं, कारण कुठेही बोटभर फट राहिलेली या माणसाला चालत नव्हती.

तो बाहेर आला तेव्हा सासरे गाडीत बसून अजून हॉर्न वाजवतच होते आणि फाटकाशी शेजारपाजारची तीन माणसं जमली होती. तीस वर्षं छपराखाली राहिलेली गाडी आठ महिने उन्हात उभी होती. तिच्या वतीने जेवढा राग काढता येईल तेवढा सासऱ्यांनी काढून घेतला आणि मग ते खाली उतरले.

"आवाज येत नाही, मान्य," ते म्हणाले. "आता आत काय गाता येतं ते दाखवा."

अट त्यांनी आधीच घातली होती. पहिलं गाणं सासूबाई आणि त्यांच्या तीन बहिणींचं करायचं. चौघींना ते पसंत पडलं तर गॅरेज कायमचं जावयाचं, नाहीतर महिनाअखेर गाडी आत. सासरे निवांत होते. चौघींचं एकमत आजवर भाजीत मीठ किती यावरही झालं नव्हतं. जावयाने मात्र टीव्हीतली नोकरी सोडलेली होती आणि दुसरी जागा भाड्याने घेण्याची ऐपत नव्हती.

"म्हणजे तुझं सगळं भवितव्य माझ्या आईच्या आणि मावश्यांच्या गळ्यात आहे," बायको म्हणाली आणि हसत सुटली.

चौघी शाळेत असल्यापासून एकत्र गात आल्या होत्या. त्यांच्या आईने रचलेलं पाच कडव्यांचं एक गाणं होतं, ते आजवर प्रत्येक घरगुती समारंभात त्यांनी म्हटलं होतं. थोरल्या मावशींचा आवाज असा, की त्या गायला लागल्या की माणसं हातातलं काम ठेवत, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. कानाला डबे लावून आम्ही गाणार नाही, असं त्यांनी हेडफोन पाहताच बजावलं. मग चौघी नेहमीसारख्या अर्धवर्तुळात उभ्या राहिल्या. थोरलीच्या डाव्या हाताला सासूबाई, पलीकडे शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, शेवटी धाकटी. जावयाने प्रत्येकीपुढे एक माइक ठेवला. गाणं एका दमात झालं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. मास्तरीणबाईंनी आपला आवाज थोडा वाढवायला सांगितला. धाकटीने बराच वाढवायला सांगितला. थोरल्या मावशी म्हणाल्या,

"माझं काही म्हणणं नाही, जावईबापू. फक्त माझा आवाज मूळचा जेवढा आहे तेवढा येऊ द्या. तो आलेला नसणार."

त्याने तिघींचेही आवाज वाढवले. तिघींचा वाढला की कुणाचाच वाढत नाही, हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. मग सासूबाईंचा ट्रॅक एकटा ऐकायला घेतला, तर ओळीओळीमधल्या जागांत काहीतरी पुटपुटल्यासारखं येत होतं. आधी त्याला ते श्वास वाटले. आवाज मोठा करून ऐकलं तेव्हा शब्द कळले. "दार उघडं," असं सासूबाई हळूच म्हणत, आणि लगेच थोरलीचा भरदार आवाज उठे, "दार उघडं ठेवून गेली सकाळ." पाचही कडव्यांत, प्रत्येक ओळीआधी असंच. त्याने निगुतीने सगळ्या जागा रिकाम्या केल्या. चांगला मिक्स असाच स्वच्छ असतो.

संध्याकाळी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि कप ठेवूनही जाईनात.

"माझा आवाज जरा कमीच ठेवा," त्या म्हणाल्या.

"आई, कमी करा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"मधे मधे तर नसला तरी चालेल."

"ते काढलंय मी," तो म्हणाला.

सासूबाई खुर्चीवर बसल्या. "ताईला पहिल्यापासून शब्द राहत नाहीत. आवाज तिला मिळाला, पाठांतर मला. साठ वर्षांत कुणाला कळलेलं नाही, तिलाही त्याची आठवण करून द्यायची नाही. कुणासमोर आलं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं होईल. मला शब्द द्या."

त्याने दिला.

रविवारी सकाळी चौघी स्टुडिओत ओळीने बसल्या. सासरे दाराशी उभे राहिले. जावयाने गाणं लावलं. मास्तरीणबाईंनी डोळे मिटले, धाकटी मांडीवर ताल धरू लागली. थोरल्या मावशी सोबत गुणगुणायला लागल्या, पण दुसऱ्या ओळीला त्या शब्दभर मागे पडल्या. तिसऱ्या ओळीलाही तसंच झालं. चौथीला त्यांनी तोंडच उघडलं नाही.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "हे आमचं गाणं नाही."

दाराशी सासऱ्यांनी खुशीत घसा साफ केला.

"काय चुकलं, मावशी?"

"आवाज चांगला आहे. माझा तर फारच चांगला आलाय. पण मला यात पुढे जाता येत नाही." त्यांनी डाव्या कानाला हात लावला. "इकडून काही येत नाही."

जावयाने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान जेमतेम हलवली, नको. त्याने आठ महिन्यांच्या त्या भिंतींकडे एकदा पाहून घेतलं आणि हात मांडीवर ठेवला.

"मला नाही जमणार, मावशी," तो म्हणाला. "आहे ते असंच आहे."

त्या खोलीत शांतता फारच पक्की होती. मग सासूबाई उठल्या आणि त्याच्या खुर्चीशी येऊन उभ्या राहिल्या.

"जे काढलंत ते परत आणा."

"सगळं?"

"सगळं."

त्याने गाणं पुन्हा सुरुवातीपासून लावलं. स्पीकरमधून सासूबाईंची कुजबुज आली, "दार उघडं," आणि थोरल्या मावशी खुर्चीत बसल्या बसल्या बरोबर जागेवर गायला लागल्या, मोकळ्या गळ्याने. सासूबाईंनी खाली पाहिलं.

"एवढं काय लपवायचं त्यात?" मास्तरीणबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "आम्हाला कधीचं माहीत आहे."

"मी पण हिचंच ऐकून म्हणते," धाकटी म्हणाली. "मला कुठे पाठ आहे?"

"मला सगळं पाठ आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. जरा थांबून त्यांनी भर घातली, "चौथं कडवं सोडून."

सासूबाईंना आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. चौघींनीही हे असंच ठेवा म्हणून सांगितलं. सासरे किल्ल्यांच्या जुडग्यातून गॅरेजची किल्ली काढायला लागले. कडी घट्ट होती, नखाने ती सुटेना.

"एक राहिलं, जावईबापू," थोरल्या मावशी म्हणाल्या.

जावयाने मनाची तयारी केली. "वाढवू अजून?"

"माझा आवाज कमी करा. हिचं नीट ऐकू येत नाही."

त्याने थोरलीचा आवाज किंचित खाली आणला. त्यांनी त्याच्याकडे न बघता, सासूबाईंचा हात धरून, दुसऱ्या हाताने खूण केली, अजून.