जुन्या स्टेशनावर उतरा

धाकटी सून प्रवास कंपनीत कामाला, म्हणून नणंदेच्या लग्नाच्या पाहुण्यांना वाट दाखवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, तिने ते हसत हसत ओढून घेतलं. सासूबाई शेजारणींना सांगत सुटल्या, "बघा, सख्ख्या बहिणीसारखी राबतेय!"

राबतच होती. लग्न होतं तटबंदीतल्या एका जुन्या गावात, छकुलीच्या हौसेपायी. छकुली म्हणजे नणंद; चांगली नोकरीला लागली तरी घरात छकुलीच. धाकटीने सगळ्यांना लिहून पाठवलं: गल्ल्या अरुंद आहेत, गाड्या वेशीबाहेर ठेवा, फरशा गुळगुळीत आहेत, उंच टाचा नकोत, संध्याकाळी वारा सुटतो, शाल आणा. आणि सगळ्यात वर, जुन्या स्टेशनावर उतरा. नवं स्टेशन नदीपलीकडे, झकपक, आणि नवखा माणूस हमखास तिथेच उतरतो. मधला पूल दुरुस्तीला काढलेला.

थोरल्या दिरांना मात्र तिने निरोप वेगळा पाठवला. त्यात ती ओळ नव्हती.

दिरांनी तिचं काहीही वाकडं केलं नव्हतं. उलट त्या घरात तिला 'जेवलीस का' विचारणारे तेवढेच. पण बापामागे छकुलीला त्यांनीच वाढवलं होतं, छकुलीचा जीव त्यांच्यात होता. वार करायचा तर तिथेच करायला हवा होता.

गेल्या वर्षी छकुलीच्या वाढदिवसाला घर पाहुण्यांनी भरलं होतं. धाकटीचे हात कणकेत, म्हणून तिच्या माहेरून आलेला फोन छकुलीने उचलला. धाकटीचे वडील शेवटच्या घटका मोजत होते आणि सारखं लेकीचं नाव घेत होते. रंगाचा बेरंग नको म्हणून ही बया गप्प बसली. पाहुणे गेल्यावर, उरलेला केक फ्रिजमध्ये ठेवता ठेवता तिने सांगितलं. धाकटी माहेरी पोचली तेव्हा वडिलांचं अंथरूण गुंडाळून ठेवलेलं होतं. छकुलीला कुणी चकार शब्दानं बोललं नाही. पोर आहे, म्हणाले. धाकटीने ते गिळलं, पण पचलं नाही.

लग्नाच्या दिवशी छकुली नटूनथटून दगडी हॉलच्या खिडकीशी उभी होती. तटाच्या आत फोनला रेंज नव्हती.

"वहिनी, दादा कुठे राहिला गं?"

"येतील की," धाकटी गोड आवाजात म्हणाली. छकुलीचा चेहरा उतरत गेला आणि धाकटीला बरं वाटत गेलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

हॉल सरकारी, दिवे लागायच्या आत रिकामा करून द्यायचा. रखवालदार किल्ल्या वाजवत दोनदा येऊन गेला. "दादाशिवाय मी उभी राहणार नाही," छकुली म्हणाली. सासूबाईंनी दटावलं, "लोक खोळंबलेत. आटप!" लग्न लागलं. नवरीचे डोळे सुजलेले होते.

खुर्च्या उचलत असताना दीर आले. बूट हातात, पॅन्ट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली.

"नव्या स्टेशनावर उतरलो, मूर्खासारखा," ते धापा टाकत म्हणाले. "पार खालच्या उतारातून नदी ओलांडून आलो. चुकलो गं, पोरी." त्यांनी बहिणीला जवळ घेतलं आणि ते लहान मुलासारखे रडले.

"तुम्ही नाही चुकलात, भाऊजी," धाकटी म्हणाली. "स्टेशन मी मुद्दाम सांगितलं नाही."

"अगं, पण का?" सासूबाई ओरडल्या. छकुलीने मात्र का म्हणून विचारलं नाही. तिला कळायला वेळ लागला नाही.

"मग? फिटलं आता, वहिनी?"

धाकटीने दिरांकडे पाहिलं. त्यांचा हात अजून बहिणीच्या डोक्यावर होता.

"कुठे फिटलं?" ती म्हणाली. "तुझा दादा आला ना."