बटणांच्या डब्यातल्या अर्ध्या गोळ्या

ताईचं डोकं पार भंजाळलं होतं. शिवणयंत्रापुढे बसून ती एकच बाही तिसऱ्यांदा उसवत होती आणि समोर धाकटा भाऊ, बारक्या, जांभयांवर जांभया देत होता. नाक गळतंय, अंगावर काटा, भर दुपारी चादर गुंडाळलेली. ब्राऊन शुगर सोडून चार महिने झाले होते त्याला. मग हे काय?

गोंधळ घातला तो शहाण्या माणसांनीच. आधी ज्या व्यसनमुक्ती केंद्रात तो राहून आला, तिथले सर म्हणाले, सगळं एकदम बंद, दुसरा उपाय नाही. बाहेर पडून आठवडा झाला नाही तोच पुन्हा नशा करून हा न्हाणीघरात निळा पडलेला सापडला. जेमतेम वाचला. मग दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली. ताईने स्वतःच्या हाताने त्याच्या जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत त्याने अवाक्षर काढायचं नाही. तलफ गेली, बारक्या पुन्हा लिफ्टदुरुस्तीच्या कामाला लागला. किती दिवस घ्यायची? तर म्हणे, "लागेल तितके. वर्षंसुद्धा."

त्यावर मामा कडाडला, "अगं, हीसुद्धा नशाच की! एकातून काढून दुसऱ्यात घातलंत पोराला!"

आता ताईने ऐकायचं तरी कुणाचं?

तिने ऐकलं आपल्या कात्रीचं. सैल कपडा थोडा थोडा आत घेतला तर अंगाला कळतही नाही, हे तिला वीस वर्षं माहीत होतं. अकरा दिवसांपूर्वी तिने गोळी अर्धी कापली. अर्धी त्याच्या जिभेखाली, अर्धी बटणांच्या डब्यात. कुणाला सांगितलं नाही. आणि आज त्याच्याकडे बघून तिच्या मनात भलतंच आलं.

तिने त्याची कामाची पिशवी जमिनीवर पालथी केली. पाने-पक्कड, टेस्टर, जेवणाचा डबा. बाकी काही नाही.

"पुन्हा सुरू केलंस ना? खरं सांग, बारक्या!"

"नाही गं, ताई."

"मग ही दशा कशाने झाली?"

तो उठला. फळीवरचा बटणांचा डबा काढून त्याने तिच्यापुढे ठेवला.

"यातली एकही घेतली नाही मी. मोजून बघ."

ताईने डबा हातात घेतला. "कधी कळलं तुला?"

"चार दिवस झाले. शर्टाचं बटण शोधत होतो."

"मग बोलायचं नाही का, मेल्या? मागायचीस ना!"

"माझ्यासारख्याने गोळी मागितली की लोक काय म्हणतात, ऐकलंय मी. वाटलं, डॉक्टरीणबाईंनीच तुला अर्धी द्यायला सांगितलं असेल." त्याने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? अंग दुखतंय की नशा मागतंय, माझं मलाच कळत नाही गं."

ताईने तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला आणि सगळं कबूल केलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. त्या म्हणाल्या, "गोळी कमी पडली म्हणून हे होतंय. उरलेली अर्धी आत्ता द्या आणि त्याला लगेच इकडे घेऊन या. कमी करायची तेव्हा आपण तिघं मिळून करू."

मामा बरोबर की बाई बरोबर, तिला अजूनही कळत नव्हतं. तिने डब्यातून सकाळचा तुकडा वेचला. "तोंड उघड," म्हणाली. त्याने निमूटपणे जीभ वर केली.

गोळी विरघळेपर्यंत त्याला बोलायचं नव्हतं. ताईच्या जिभेखाली काहीच नव्हतं, तरी तिच्या तोंडून शब्द फुटेना.