शनी सुटला तेव्हा

आज छोटी दुर्बीण टकळीच्या ताब्यात होती. पहिल्यांदाच. टकळी हे बाबांनी ठेवलेलं नाव, तोंड बंद होत नाही म्हणून. आकाश मंडळाची माणसं महिन्यातून एकदा शाळेच्या गच्चीवर दुर्बिणी मांडायची आणि येईल त्याला ग्रहतारे दाखवायची. इतके दिवस टकळी नुसती रांग सांभाळायची, "ढकलू नका, शनी कुठे पळून जात नाही" असं दरडावायची. आज मंडळाचे प्रमुख काका मोठ्या दुर्बिणीकडे जाता जाता म्हणाले, "आज नीट जमलं, तर यापुढे ही तुझी." तेव्हापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते.

अंधार पडेपर्यंत रांग जिन्यात पोचली. टकळीने शनी बरोबर मधोमध आणला, पण तेवढ्यावर राहवेना. आणखी मोठा दिसावा म्हणून तिने डोळ्याजवळचं भिंग काढून जास्त ताकदीचं बसवलं. शनीचं कडं असं ठसठशीत दिसलं की तिची बोलतीच बंद झाली.

ती लगेच सुरूही झाली. पृथ्वी फिरते, म्हणून आकाश सरकत राहतं, म्हणून दुर्बीणही सारखी हाताने सरकवावी लागते, हे तिने रांगेला पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं. सांगायच्या नादात सरकवायचं तेवढं राहून गेलं.

लोक येत होते, डोळा लावत होते. "वा." "छान." "मस्तच आहे हो." टोपीवाले एक गृहस्थ तर "अद्भुत" म्हणाले. टकळी फुलून गेली.

मग मावशीचा नंबर लागला. मावशी म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलणारी.

"काळं आहे," मावशी म्हणाली.

"नीट बघ गं. दुसरा डोळा मिट."

"मिटला. आता दोन्हीकडे काळं आहे."

"मावशी, एवढ्या लोकांना दिसला की."

"दिसला असेल बाई. मला काळं दिसतंय तर मी काळंच सांगणार."

टकळीने स्वतः डोळा लावला. ठार काळोख. शनी केव्हाच सटकला होता. जास्त ताकदीच्या भिंगात तो मिनिटभरसुद्धा टिकत नाही, हे तर तिला पाठ होतं. मग मघाशी ते "वा" कशाला होतं? आणि अद्भुत काय होतं?

काकांची तिच्याकडे पाठ होती. गुपचूप शनी परत आणला असता तर दुर्बीण तिचीच राहिली असती. पण ती माणसं घरी जाऊन शनी पाहिल्याचं सांगणार, आणि पाहिलेला असणार नुसता अंधार. टोपीवाले तर जिना उतरायलाही लागले होते. मुलांसाठी ठेवलेल्या स्टुलावर ती चढली.

"ऐका जरा. या दुर्बिणीतून ज्यांना शनी दिसला नाही, त्यांनी परत या. तो निसटला होता आणि मी बडबडत बसले. चूक माझी."

काकांनी मान वळवली. गेली दुर्बीण, टकळीला वाटलं.

कोणी हलेना. मग जिन्यातून टोपी वर आली.

"मला वाटलं, माझाच चष्मा बिघडलाय," गृहस्थ म्हणाले.

"मला वाटलं, एवढा हुशार माणूस अद्भुत म्हणतोय, तर असेल काहीतरी," त्यांच्यामागची बाई म्हणाली, आणि सगळी गच्ची हसत सुटली.

रांग पुन्हा लागली. टकळीचा एक हात आता दुर्बिणीवरून हलत नव्हता, आणि तिने नवा नियम काढला होता: छान म्हणून सुटका नाही, कडं कुठल्या बाजूला कललंय ते सांगायचं. पहिला मान मावशीला.

"अगं बाई," मावशी म्हणाली आणि चक्क थांबली. "हा तर कुणीतरी आत चिकटवल्यासारखा दिसतोय. उजवीकडून वर आहे बघ कडं."

टोपीवाले तर दुर्बीण सोडेचनात. त्यांना हाताला धरून बाजूला करावं लागलं.

सगळ्यांत शेवटी रांगेत काका उभे होते. त्यांनी वाकून डोळा लावला, बराच वेळ पाहिलं.

"छान," ते म्हणाले.

समोर काका असले तरी नियम म्हणजे नियम.

"छान चालणार नाही, काका. कडं कुठल्या बाजूला?"

काका डोळा न काढता हसले. "उजवीकडून वर. आता पुढच्या महिन्यात हेच भिंग लावणार, की साधं?"

"हेच," टकळी म्हणाली, आणि शनी पुन्हा मधोमध घेतला.